खड्डे मोजू नका, सावली मोजा

येत्या पावसाळ्यातही झाडे लावली जाणार आहेत. तहसील कचेरीच्या आवारात लागतील, बाजार समितीच्या यार्डात लागतील, पेट्रोल पंपावर आणि नव्या प्लॉटिंगमध्ये लागतील, आणि आपल्यापैकी ज्यांनी पोरांच्या शिक्षणापायी तालुक्याच्या गावी घर बांधले आहे त्यांच्या दारातही लागतील. पुष्कळशी झाडे मागल्या वर्षीच्याच जागी लागतील, कारण तिथे खड्डा तयार आहे. त्यातले झाड तेवढे गेले आहे.

शेतकऱ्यांच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कांद्या-सोयाबीनच्या भावाचे भांडण चालू असताना दारातल्या झाडाची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, असेही कोणी म्हणेल. त्यांनी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोणत्याही मोठ्या यार्डात दुपारी बारा वाजता जाऊन उभे राहावे. रात्री निघालेले ट्रॅक्टर पहाटेपासून रांगेत असतात. लिलाव पुकारणारे येतात, पुढे सरकतात. ज्याचा नंबर लागला नाही तो दुसऱ्या सत्राची वाट पाहत आपल्याच ट्रॉलीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये पोते अंथरून पडलेला असतो. अडत्याच्या गाळ्याला पंखा आहे, कार्यालयाला कूलर आहे. मालाच्या मालकाला मात्र सावली नाही. उन्हात तापलेला माणूस आणि उन्हात तापलेला भाजीपाला दोघेही दुपारनंतर पडेल त्या भावाला तयार होतात, हे व्यापाऱ्याला चांगले ठाऊक असते. बाजार फी कागदावर खरेदीदाराकडून घेतली जाते, निघते मात्र आपल्या भावातून. तेव्हा यार्डातले झाड ही काही कोणाची हौस नाही. पैसे देऊन न मिळालेला तो माल आहे, आणि त्याचा हिशेब मागणे हे आपलेच काम आहे.

आता सरकारी हिशेब पाहा. वनमहोत्सव देशात १९५० साली सुरू झाला. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी असे उद्दिष्ट वाढत गेले. आकडे कसे लावलेत पाहा, दरवर्षी दुपटी-तिपटीने. इतक्या वेगाने वाढायला ते झाड आहे की गाजरगवत? पुढे २०२१ साली या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाच्या पातळीवर समिती नेमण्याची वेळ आली. कोणत्या पक्षाचे सरकार होते याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. कोणाचेही असते तरी हेच झाले असते, कारण मोजमाप चुकीच्या दिवशी होते. रोप खड्ड्यात गेले, फोटो निघाला, की त्या झाडाचे कागदावरचे आयुष्य पूर्ण होते.

गंमत अशी की हेच सरकार दुसऱ्या एका ठिकाणी बरोबर मोजते. १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोरडवाहू मुलखात आंबा, बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि पुढचे हप्ते झाडे जगली तरच मिळतात. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन कृषी सहायक एकेक कलम मोजतो. म्हणजे लाभार्थी शेतकरी असला की 'झाड जगले का' हा प्रश्न सरकारला बरोबर सुचतो. कचेरीच्या आवारात लावणारा साहेब असला की सुचत नाही. आमचे म्हणणे इतकेच की जो नियम आमच्या आंब्याला, तोच नियम तुमच्या कडुनिंबाला लावा. ठेकेदाराचे बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत झाडांवर काढा. पहिल्याच वर्षी रोपांची मागणी निम्म्यावर येते की नाही ते बघा, आणि यार्डात प्रथमच सावली पडते की नाही तेही बघा.

पाणी आधी, खड्डा नंतर

झाडे किती लावायची हे खड्डे खणणाऱ्या मशीनवर ठरवू नये, पाण्यावर ठरवावे. साधा हिशेब करू. लहान झाडाला फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पाऊस लागेपर्यंत, म्हणजे सुमारे १९ आठवडे, आठवड्यातून दोनदा १५ लिटर पाणी धरा. एका झाडाचे एका उन्हाळ्याचे पाणी ५७० लिटर झाले. दहा झाडांना ५,७०० लिटर. दारापुढे दोन झाडे असतील तर हे पाणी घरातल्या सांडपाण्यातून सहज भागते. पण बाजार समितीने ठराव करून हजार झाडे लावली तर ५ लाख ७० हजार लिटर लागेल, म्हणजे दहा हजारांचे ५७ टँकर, आणि तेही दोन उन्हाळे तरी. ज्या तालुक्यात मार्चमध्ये माणसांसाठी टँकर लागतो तिथे हे ५७ टँकर कोणी आणि कुठून भरायचे याचा एक ओळीचा उल्लेख ठरावात कधी नसतो. मग हजारातली वाचतात ती विहिरीच्या वा हापशाच्या सांडपाण्याकाठची पाच-पंचवीस. हे आधीच ठाऊक होते तर पंचवीसच लावायची होती, आणि उरलेल्या पैशात त्यांना ठिबकची नळी टाकायची होती.

लावण्याची तारीखही अशीच. १ जुलै हा दिवस मंत्रालयाच्या सोयीचा आहे, पावसाने तो मान्य केलेला नाही. चांगला पाऊस होऊन माती हातभर खोल ओली झाली आणि वाफसा आला की लावावे. मग तो मृगात येवो की पुष्यात. २०२३ साली जुलैत पाऊस पडला म्हणून लोकांनी रोपे लावली आणि त्या ऑगस्टमध्ये देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वात कमी ऑगस्टचा पाऊस झाला. शेतातले सोयाबीन करपले तसे आवारातले रोपही करपले. फरक एवढाच की सोयाबीनचा पंचनामा मागायला आपण होतो, रोपाचा पंचनामा मागायला कोणी नव्हते.

रोप कसे लावावे

आता थोडे आमच्या मूळ विद्येकडे वळू. शेतकऱ्याला झाड लावायला शिकवायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. पण शेतात झाड लावणे वेगळे आणि घराच्या, दुकानाच्या जागेत लावणे वेगळे. शेतात माती असते. प्लॉटमध्ये बहुतेक वेळा माती नसतेच.

प्लॉटिंगवाला काय करतो? वरची काळी माती खरवडून विकतो किंवा दाबून टाकतो, वर दीड-दोन फूट मुरूम टाकतो आणि रोलर फिरवतो. घर बांधताना त्यात सिमेंट, चुना, विटांचे तुकडे, फरशीचा भुगा पडतो. अशा ठिकाणी पहारीने वीतभर भोक पाडून रोप कोंबले तर ते कुंडीतच लावल्यासारखे आहे, फक्त कुंडी दिसत नाही. पावसाळ्यात त्या भोकात पाणी तुंबते आणि मुळे कुजतात. उन्हाळ्यात तेच भोक भट्टी होते. वर चुनखडीमुळे जमिनीतले लोह झाडाला मिळत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मालक समजतो पाणी कमी पडले. तो आणखी पाणी घालतो आणि झाड आणखी पिवळे होते.

म्हणून खड्डा वैशाखात घ्यावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल हा फळबागेचा जुना आकार आहे, तो मुरमाच्या जागी ठीकच आहे. पण कमी करायचेच असेल तर खोली कमी करावी, रुंदी करू नये. झाडाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत आडवी पसरतात, आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत राहिल्या असतील तर टिकावाने खरबरीत कराव्यात. तळाशी पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल तर ती जागा सोडावी किंवा तळातला दाबलेला थर फोडावा. निघालेला सिमेंटचा राडारोडा परत आत टाकू नये. शेतातली किंवा तळ्यातल्या गाळाची माती, चार घमेली कुजलेले शेणखत आणि एक-दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट एवढ्याने भरावा. खत कुजलेलेच हवे. ताज्या शेणाने हुमणी आणि वाळवी आपण होऊन निमंत्रण देऊन आणतो. घराची ट्रॉली शेतात रोज जाते, येताना चार पाट्या माती आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

खड्डा आधी भरून ठेवायचा तो यासाठी की भरलेली माती पहिल्या पावसात चार-सहा बोटे खाली बसते. आज भरला आणि आजच लावले तर रोपही मातीबरोबर खाली बसते, भोवती खळगा होतो, गाळ वाहून येतो आणि खोडाचा बुंधा मातीत गाडला जातो. बुंध्याची साल ओलीत राहिली की कुजते. हे नुकसान लगेच दिसत नाही. तीन-चार वर्षे झाड खुरटत राहते आणि कोणी म्हणतो जागेला दोष आहे. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच जमिनीत माती यावी, बोटभर वर राहिली तरी चालेल. कलम असेल तर जोड जमिनीच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे, आणि जोडाखालून खुंटाची फूट आली की ती लगेच काढली पाहिजे. नाहीतर केशर आंबा म्हणून पाच वर्षे सांभाळायचा आणि खायचा रायवळ.

पिशवीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वात जास्त झाडे इथे मरतात. वाटपाची रोपे बहुधा मागल्या किंवा त्याच्या मागल्या वर्षीची शिल्लक असतात. उंची पाहून लोक तीच उचलतात. अशा रोपाची मुळे छोट्या पिशवीत गोल गोल फिरून वेटोळी घालून बसलेली असतात. तशीच लावली तर मुळे बाहेर न जाता आपल्याच भोवती जाड होतात. आठ-दहा वर्षांनी झाड दिसायला डेरेदार होते आणि वळवाच्या पहिल्या वादळात मुळासकट गाडीवर, नाहीतर शेजारच्या पत्र्यावर आडवे होते. वर्तमानपत्रात 'वादळाने झाड कोसळले' असे येते. झाड वादळाने पडलेले नसते, ते लावतानाच पाडलेले असते. म्हणून रोप निवडताना उंची पाहू नये, बुंध्याची जाडी पाहावी. पिशवी उलटी करून खालची मुळे पाहावीत. लावताना पिशवी पूर्ण काढावी. खालून ब्लेडने एक बोट चकती कापावी, बाजूने दोन-तीन उभे काप द्यावेत आणि वेटोळी मुळे बोटांनी मोकळी करावीत. एक-दोन मुळे तुटली तर बिघडत नाही. पिशवीसकट लावलेली रोपे आम्ही दरवर्षी पाहतो. लावणारे हात कधी मातीत गेलेले नसतात, आणि बाजूला उभ्या असलेल्या माळ्याला बोलायची सोय नसते.

लावणी संध्याकाळी करावी. माती पायाने हलकी दाबून लगेच पाणी द्यावे. आळे दुहेरी करावे, म्हणजे खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि त्याच्या बाहेर पाण्याची बांगडी. नागपूरकडच्या संत्रेवाल्याला याचे कारण सांगावे लागत नाही, डिंक्या रोगाने त्याला ते शिकवले आहे. वर गव्हाचे काड, पाचट, पालापाचोळा असे चार बोटे आच्छादन टाकावे, खोडाला न चिकटवता. यार्डात कांद्याची पात आणि भाजीचा पाला रोज ट्रॉलीने उचलला जातो. तो वाळवून टाकला तर उचलण्याचा खर्चही वाचतो. आधाराला रोपाच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या आणि सैल सुतळी. तारेने बांधू नये. वर्षभराने काठ्या काढून टाकाव्यात, कारण वाऱ्यात थोडे हलल्याशिवाय खोड जाड होत नाही. पहिल्या दोन महिन्यांत युरिया देण्याची घाई करू नये.

जाळीबद्दल एकच बोलतो. दात्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि दुकानाचा पत्ता मावेल एवढी जाळी असते, पण ती नंतर काढायची कोणाला आठवण नसते. खोड जाळीत भरते, लोखंड सालीत रुतते. नाव मात्र शाबूत राहते.

कोणते झाड, कुठे

आमच्या जिल्ह्यातल्या नव्या पेट्रोल पंपांवर पाहिले तर बॉटल पाम लावलेले दिसतात. नव्या प्लॉटिंगच्या कमानीपाशी तेच. ज्या शेतातली आंब्याची आणि चिंचेची झाडे तोडून प्लॉट पाडले त्या वसाहतीला नाव मात्र 'आमराई'. पामाला सावली नाही, खोट्या अशोकालाही जवळजवळ नाही. गुलमोहर मादागास्करहून आलेला, फुलला की डोळ्याला बरे वाटते, पण मार्च-एप्रिलमध्ये, सावलीची खरी गरज असते तेव्हा तो खराटा झालेला असतो, आणि त्याची फांदी वाऱ्याला ठिसूळ. कोनोकार्पस म्हणून एक झाड मध्यंतरी भराभर वाढते म्हणून लावत सुटले होते. गुजरातने २०२३ साली त्याची लागवड बंद केली.

झाड निवडताना एकच विचारावे, वैशाखात याच्या अंगावर पान असते का? कडुनिंब शिशिरात झडतो आणि चैत्रात नव्या पालवीने भरतो, ऊन चढायच्या आत तयार. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडे दिवस झडतो, पण लगेच फुटतो आणि चुनखडीच्या जमिनीतही तग धरतो. चिंच सावकाश वाढते, पण नातवंडांपर्यंत पुरते. जांभूळ सदाहरित आहे, फक्त गाड्या लावायच्या जागेवर नको, आषाढात सगळे जांभळे होते. बकुळ, पुत्रंजीवा ही शांत, हळू वाढणारी, दुकानासमोर पाटी न झाकणारी झाडे आहेत. यार्डात लिलावाच्या ओट्यांच्या पश्चिमेला कडुनिंब आणि करंज, कडेला चिंच, आणि खुल्या कोपऱ्यात एखादा वड. एवढे पुरते.

घराजवळ वड-पिंपळ लावू नये, हे जुनी माणसे सांगत. त्यामागे भुताखेतापेक्षा काळ्या जमिनीचे ज्ञान होते. काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाजवळ मोठे झाड असले की त्या बाजूचे पाणी ते ओढून घेते, तेवढीच बाजू जास्त आकसते आणि भिंतीला तिरपी चीर पडते. लहान झाड भिंतीपासून दहा फुटांवर, कडुनिंबासारखे वीस फुटांवर, आणि वड, पिंपळ, चिंच तीस-चाळीस फुटांच्या आत नको. प्लॉट हजार चौरस फुटांचा असेल तर शेवगा, सीताफळ, कढीपत्ता, लिंबू लावावे आणि समाधान मानावे. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला सावली असली की दुपारची भिंत तापत नाही. पूर्वेचे कोवळे ऊन मोकळे ठेवावे. वर वीजवाहिनी असेल तर खाली मोठे झाड लावणे म्हणजे दरवर्षी मे महिन्यात त्याचा शेंडा छाटायला आपण होऊन बोलावणे आहे.

आणि जागा ठरवायच्या आधी घरातल्या बाईला विचारावे. झाड लावताना पुरुष असतो, त्याला मार्चमध्ये पाणी घालायला कोण असते? मोरीपासून दूर कोपऱ्यात झाड लावले तर तिला रोज बादली उचलून न्यावी लागते. भांडी धुतलेले पाणी उताराने आपण होऊन जाईल अशा जागी लावले तर ते झाड तिच्या कष्टाशिवाय जगते. नाहीतर एक मडके, तळाला बारीक छिद्र, त्यात चिंधीची वात, आणि ते आळ्यात गळ्यापर्यंत पुरलेले. चार-पाच दिवसांतून एकदा भरले की झाले. पिण्याच्या पाण्याचे जार भरणाऱ्या प्लँटचे टाकाऊ पाणी मात्र झाडांना सतत घालू नये. त्यात क्षार दाट झालेले असतात. आपल्या बोअरचे पाणी मुळातच खारे आहे.

दुकानवाल्यांनी आणि नगरपरिषदेने पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट खोडाला भिडवून टाकण्याची नवी पद्धत पाडली आहे. मुळाला हवा लागते हे त्यांना कोणी सांगितलेले नसावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले होते. आपल्याकडे लवादापर्यंत जायची गरज नाही. बाजार समितीचे संचालक आपण निवडून देतो, त्यांच्याकडून एवढे करून घेता येते.

झाड माझे की सरकारचे?

एवढे सगळे सांगितल्यावर एखादा जुना शेतकरी शांतपणे म्हणतो, लावीन, पण पुढे ते माझे राहील का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागवान आणि चंदनाबरोबर आंबा, चिंच, फणस, जांभूळही आहे. शहरी भागात १९७५ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. जुने झाड वाचावे हे आम्हालाही पाहिजे. ठेकेदाराने रातोरात रस्त्याकडेची वडाची रांग आडवी केली तर त्याला जबर दंड व्हावा, त्यात आमचे दुमत नाही. पण आपल्या दारात, आपल्या पाण्यावर वाढवलेल्या झाडाची घरावर आलेली फांदी काढायलाही ज्याला कचेरीच्या चार फेऱ्या माराव्या लागतात, तो शेजाऱ्याला काय सल्ला देतो? लावूच नको, किंवा लावायचाच तर पाम लाव. कायद्याने वाचवलेल्या झाडांची संख्या मोजता येते. कायद्याच्या धाकाने लावलीच न गेलेली झाडे कोणत्या रजिस्टरात आहेत?

बांबूचे उदाहरण ताजे आहे. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला, तेव्हा कुठे शेतकरी बांबूकडे पीक म्हणून पाहू लागला. आमची मागणी याच धर्तीची आहे. मालकाने स्वतःच्या जागेत लावलेल्या झाडाची लावतानाच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत एका ओळीची नोंद व्हावी, आणि त्या नोंदीच्या आधारावर छाटणीला परवानगीची गरज राहू नये. तोडायचेच झाले तर नोंद दाखवून, बदली झाड आधी लावून तोडता यावे. नोंद फुकट असावी. तिच्यासाठी फोटो, दाखला, शपथपत्र मागितले की ती मेली.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी आपल्या यार्डातली आणि उपबाजारातली मोजणी करून आणावी. गेल्या तीन वर्षांत बाजार समितीने किती रोपे लावल्याचे कागदावर आहे, त्यावर किती खर्च दाखवला आहे, आणि आज प्रत्यक्ष किती उभी आहेत. मोजणीला जाताना चैत्र-वैशाखातच जावे, पावसाळ्यात गवतालाही झाड म्हणता येते. कार्यालयाने खर्चाचा आकडा दिला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा, शुल्क दहा रुपये आहे. ज्यांच्या यार्डात जागा आणि पाणी दोन्ही आहे त्यांनी या वर्षी ओट्यांच्या पश्चिमेला दहाच खड्डे घ्यावेत, अक्षय्य तृतीयेच्या आत, आणि प्रत्येक झाडाशेजारच्या हमालाचे किंवा चहाच्या टपरीवाल्याचे नाव पाणी घालणारा म्हणून लिहून घ्यावे. टपरीचे कपबश्या धुतलेले पाणी दिवसाला दोन बादल्या तरी निघते. साबण कमी वापरायला सांगावे.